संत्रा, मोसंबी, जंबेरी: डीएनएच्या अक्षरांतून वंशवृक्ष कसा काढतात

नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहाराचा माल उतरू लागला की संत्र्याच्या ढिगांशेजारी मोसंबीचे ढीग लागतात आणि थोडं पलीकडे कागदी लिंबाची पोती. तिन्ही फळं लिंबूवर्गातली. पण तिघांत सख्खं कोण आणि चुलत कोण? साल पाहून ठरवायचं तर मोसंबी लिंबाच्या जवळची वाटते, कारण दोघांची साल गराला घट्ट चिकटलेली असते. संत्र्याची साल मात्र सैल, नखाने उचलली की सुटते. डीएनए वेगळंच दाखवतो: मोसंबी ही संत्रावर्ग (संत्र्यासारखी सैल सालीची फळं) आणि पपनस यांच्या संकरातून आलेली आहे, आणि कागदी लिंबाचा बाप महाळुंग, म्हणजे जाड सालीचं मोठं लिंबूवर्गीय फळ, आहे.

डीएनए हे आपोआप दाखवत नाही. ए, टी, जी, सी ही त्याची चार अक्षरं वाचावी लागतात, वेगवेगळ्या नमुन्यांच्या ओळी जुळवाव्या लागतात, फरक मोजून त्याची दुरुस्ती करावी लागते आणि मग अनेक शक्य आकृत्यांतून एक निवडावी लागते. हे सगळं गणित आहे, आणि त्याचा गाभा वही-पेन्सिलीने सोडवता येण्याइतका सोपा आहे. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवायला हवी: वंशवृक्ष काढणाऱ्या पद्धतीला कोणतीही माहिती दिली तरी ती वृक्षच काढून देते. त्या माहितीत वृक्ष आहे की नाही, हे तपासणं वेगळं काम आहे आणि ते बहुतेकदा राहून जातं. लिंबूवर्गात ते राहिलं तर उत्तर हमखास चुकतं.

पुढे बागेतल्या झाडाला झाड म्हटलं आहे आणि कागदावरच्या आकृतीला वृक्ष.

पानापासून तक्त्यापर्यंत

सुरुवात कोवळ्या पानापासून होते. साधारण १०० मिलिग्रॅम पुरे. लिंबूवर्गाच्या जून पानांत फिनॉल आणि चिकट शर्करा भरपूर असतात. त्यातून काढलेला डीएनए तपकिरी पडतो आणि पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची क्रिया, चालत नाही. म्हणून डीएनए काढण्याच्या सीटॅब पद्धतीच्या द्रावणात पीव्हीपी हा पदार्थ घालतात, तो फिनॉल धरून ठेवतो. मग हवा तो भाग पीसीआरने वाढवायचा आणि सँगर पद्धतीने वाचून घ्यायचा. एका वाचनात साधारण ७०० ते ८०० अक्षरं भरवशाची मिळतात. सुरुवातीची तीस-चाळीस आणि शेवटची विरळ होत गेलेली अक्षरं कापून टाकावीत.

कोणता भाग घ्यायचा, हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. हरितलवकाचा डीएनए सोयीचा असतो. मोसंबी ज्या प्रजातीत येते त्या गोड संत्रावर्गाच्या (हा वरच्या सैल सालीच्या संत्रावर्गाहून वेगळा) हरितलवकाचा संपूर्ण क्रम १,६०,१२९ अक्षरांचा आहे आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. पण लिंबूवर्गात हरितलवक फक्त आईकडून येतं. केंद्रकातला डीएनए, उदाहरणार्थ त्यातला आयटीएस नावाचा छोटा भाग, दोन्हीकडून येतो. या फरकाकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

आता प्रत्येक नमुन्याच्या अक्षरांची एक ओळ, अशा ओळी एकाखाली एक लावून तक्ता करायचा, म्हणजे अलाइनमेंट करायची. इथे झालेली चूक पुढच्या कोणत्याही गणिताने भरून निघत नाही. या दोन ओळी पाहा:

ए टी जी सी ए टी सी ए जी
ए टी जी ए टी सी ए जी

दुसऱ्या ओळीत फक्त चौथं अक्षर गळलं आहे. तशाच एकाखाली एक लावल्या तर चौथ्यापासून आठव्यापर्यंत पाचही जागी फरक दिसतो. चौथ्या जागी रिकामी खूण टाकली की बाकी सगळं जुळतं आणि घटना एकच उरते: एक अक्षर गळालं. मॅफ्ट किंवा मसलसारखे प्रोग्राम हे काम करतात, पण तक्ता डोळ्यांनी वरून खाली तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एखादी ओळ बाकीच्यांशी कुठेच जुळत नसेल, तर बहुधा ती उलट्या धाग्यावरून वाचलेली असते. ती उलटवून, पूरक करून (ए च्या जागी टी, सी च्या जागी जी आणि उलट) पुन्हा लावावी. नाहीतर ते फळ वृक्षात भलत्याच लांब फांदीवर जाऊन बसतं आणि नवीन शोध लागल्याचा भास होतो.

दिसणारा फरक आणि झालेला फरक

शंभर जागांपैकी तीस जागी अक्षरं वेगळी दिसली, म्हणजे तीसच बदल झाले का? नाही. एकाच जागी आधी ए चा जी झाला असेल, मग जी चा टी. आपल्याला एकच फरक दिसतो. कधी जी चा परत ए होतो, तेव्हा काहीच दिसत नाही. रस्त्यावरून एकामागून एक गाड्या गेल्या की शेवटच्या चाकाचा ठसा तेवढा उरतो, तसंच हे.

यावरचं सगळ्यात साधं सूत्र ज्यूक्स आणि कँटर यांनी १९६९ साली दिलं. चारही अक्षरं सारख्याच वेगाने एकमेकांत बदलतात असं धरलं, तर

अंतर = −(३/४) × नैसर्गिक लॉग [ १ − (४/३) × दिसणारा फरक ]

१० टक्के फरक दिसला तर खरं अंतर ०.१०७, म्हणजे दुरुस्ती किरकोळ. ३० टक्क्यांना ०.३८३. ५० टक्क्यांना ०.८२४. फरक ७५ टक्क्यांवर पोचला की कंसात शून्य येतं आणि सूत्र कोसळतं. ते कोसळणं योग्यच आहे. चार अक्षरांतून चिठ्ठ्या टाकून दोन ओळी बनवल्या तरी चौथा हिस्सा जागा योगायोगाने जुळतात. म्हणजे ७५ टक्के फरक असलेल्या ओळींत नात्याची कुठलीच खूण उरलेली नसते. व्यवहारात दुरुस्ती मोठी होऊ लागली की तो भाग तेवढ्या जुन्या प्रश्नासाठी फार वेगाने बदलणारा आहे असं समजावं आणि संथ बदलणारा भाग घ्यावा.

ए-जी आणि सी-टी हे बदल इतर बदलांपेक्षा जास्त वेळा होतात. किमुरा यांच्या १९८० च्या सूत्रात हे धरलेलं आहे. पुढची सूत्रं याच वाटेने गुंतागुंतीची होत गेली.

चार पानांचा नियम

इथे थोडं थांबू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सरावासाठी क, ख, ग, घ अशा चार जाती घ्या. दुरुस्त केलेली अंतरं, शंभर जागांमागे बदल अशा मापात, समजा अशी आली: क-ख १०, क-ग ६, क-घ १२, ख-ग १२, ख-घ १८, ग-घ १०.

सगळ्यात कमी अंतर क-ग, म्हणजे क आणि ग भावंडं, असं सरळ मनात येतं. यूपीजीएमए ही जुनी पद्धत नेमकं हेच करते: सगळ्यात जवळचे दोन जोडा, सरासरी घ्या, पुन्हा जोडा. पण ती गृहीत धरते की सगळ्या फांद्यांवर बदलाचा वेग एकच आहे.

आता चौघांच्या जोड्या तीन प्रकारे लावून बेरजा करा:

क-ख आणि ग-घ: १० + १० = २०
क-ग आणि ख-घ: ६ + १८ = २४
क-घ आणि ख-ग: १२ + १२ = २४

नियम असा: चार पानं, म्हणजे वृक्षाच्या टोकांवरच्या चार जाती, खरोखर एका वृक्षावर असतील तर या तीन बेरजांपैकी दोन मोठ्या बेरजा सारख्या येतात, आणि तिसरी, लहान बेरीज खरी जोडी सांगते. कारण सरळ आहे. लहान बेरजेत मधली फांदी एकदाही येत नाही, बाकी दोन्ही बेरजांत ती दोनदा येते. म्हणून २४ वजा २० भागिले २, म्हणजे मधल्या फांदीची लांबी २. जोडी क-ख आणि ग-घ. क ची फांदी २, ख ची ८, ग ची २, घ ची ८ अशी मांडून पाहा, सहाही अंतरं तंतोतंत निघतात. क आणि ग जवळ दिसले ते फक्त दोघेही संथ बदलले म्हणून. ती जवळीक नात्याची नव्हती.

सैतो आणि नेई यांची १९८७ सालची नेबर-जॉइनिंग पद्धत हाच विचार कितीही पानांना लावते. प्रत्येक जातीचं बाकी सगळ्यांपासूनचं एकूण अंतर काढायचं: क २८, ख ४०, ग २८, घ ४०. मग प्रत्येक जोडीसाठी (जातींची संख्या वजा २) गुणिले अंतर, वजा त्या दोघांची एकूण अंतरं. क-ख ला २० − ६८ = −४८. क-ग ला १२ − ५६ = −४४. सगळ्यात लहान संख्या जोडायची, म्हणून क-ख. जो सगळ्यांपासूनच लांब आहे त्याला ही पद्धत ती सूट देते, आणि यूपीजीएमए जिथे फसते तिथे ही बरोबर निघते.

सगळे वृक्ष तपासता येतील का

चार जातींचे मूळ न दाखवलेले वृक्ष ३ असतात, पाचांचे १५, सहांचे १०५. दहांचे २०,२७,०२५. वीस जातींना संख्या २२ वर १९ शून्यं इतकी जाते. म्हणून प्रोग्राम सगळे वृक्ष पाहत नाहीत. नेबर-जॉइनिंगचा वृक्ष घेऊन त्याच्या फांद्या इकडून तिकडे लावून पाहतात, सुधारणा थांबली की थांबतात. ते थांबण्याचं ठिकाण सर्वोत्तम असेलच असं नाही. वेगवेगळ्या सुरुवातींनी निदान दहा वेळा चालवून उत्तर तेच येतं का हे पाहावं.

"सुधारणा" कशाने मोजायची? एक जुना निकष म्हणजे कमीत कमी बदलांत जो वृक्ष बसतो तो घ्यायचा. समजायला सोपा आहे, पण फेल्सनस्टाइन यांनी १९७८ साली दाखवून दिलं की दोन लांब फांद्या नात्याच्या नसल्या तरी हा निकष त्यांना एकत्र ओढू शकतो. माहिती वाढवली तर चूक कमी होण्याऐवजी पक्की होत जाते. ही खूण विसरू नये.

दुसरा निकष संभाव्यतेचा, मॅक्झिमम लाइकलीहूड. प्रश्न उलटा विचारायचा: हा वृक्ष आणि या फांद्यांच्या लांब्या खऱ्या असत्या, तर समोरचा तक्ता मिळण्याची शक्यता किती? ज्यूक्स-कँटर धरलं तर ०.१ लांबीच्या फांदीवर अक्षर तेच राहण्याची शक्यता ०.९०६ आणि एखाद्या ठरावीक दुसऱ्या अक्षरात बदललेलं दिसण्याची ०.०३१. प्रत्येक फांदीवर असे आकडे गुणत जायचे. अडचण अशी की आतल्या गाठींवरचे, म्हणजे फांद्या फुटतात तिथले, पूर्वज आपल्याकडे नाहीत. त्यामुळे तिथल्या प्रत्येक शक्य अक्षराची बेरीज घ्यावी लागते. दहा जातींच्या मूळ असलेल्या वृक्षात नऊ गाठी असतात, म्हणजे एकाच जागेसाठी २,६२,१४४ जुळण्या. फेल्सनस्टाइन यांनी १९८१ साली यातून वाट काढली: पानांकडून मुळाकडे यायचं आणि प्रत्येक गाठीवर फक्त चार आकडे साठवायचे. आजही आयक्यू-ट्री, रॅक्सएमएलसारखे प्रोग्राम आतून हेच करतात. शक्यता फार लहान होतात म्हणून त्यांचे लॉग घेऊन बेरीज करतात. हजार जागांना प्रत्येकी ०.०१ धरली तरी गुणाकार संगणकाच्या नेहमीच्या संख्यांत मावत नाही, लॉगची बेरीज मात्र −४६०५ येते. निकालात मोठी ऋण संख्या दिसली तर घाबरू नये, शून्याच्या जवळची ती चांगली.

मूळ कुठे, आणि भरवसा किती

या बहुतेक पद्धती मूळ दाखवत नाहीत, फक्त कोण कोणाजवळ ते सांगतात. मुळासाठी एक परका पाहुणा लागतो, जो सगळ्यांचा नातलग आहे पण त्यांच्यातला नाही. लिंबूवर्गासाठी घरचाच पर्याय आहे: कढीपत्ता. तो त्याच कुळातला, पण लिंबूवर्गाच्या बाहेरचा. त्याची फांदी जिथे येऊन मिळते तिथे मूळ. पाहुणा फार लांबचा घेतला, उदाहरणार्थ आंबा, तर त्याची लांबच लांब फांदी आपल्या यादीतल्या सगळ्यात वेगाने बदललेल्या जातीकडे ओढली जाते आणि मूळ चुकतं.

भरवशासाठी बूटस्ट्रॅप, हेही फेल्सनस्टाइन यांचंच, १९८५ सालचं. तक्त्यातले स्तंभ चिठ्ठ्या टाकून उचलायचे, उचललेला परत टाकायचा, मूळ तक्त्याइतके स्तंभ होईपर्यंत. अशा एका फेरीत साधारण ३७ टक्के स्तंभ एकदाही येत नाहीत. अशा हजार फेऱ्या करून प्रत्येकीचा वृक्ष काढायचा, आणि एखादी जोडी शंभरातून किती वेळा आली ते फांदीवर लिहायचं. साध्या बूटस्ट्रॅपमध्ये ७० च्या वर बरं मानतात. आयक्यू-ट्रीच्या जलद प्रकारात मात्र ९५ च्या खाली भरवसा ठेवू नये, दोन्हींची मापं वेगळी आहेत. आणि १०० आकडा म्हणजे खरेपणा नव्हे. स्तंभ कमी-जास्त झाले तरी उत्तर हलत नाही, एवढंच तो सांगतो. पद्धतच चुकीच्या दिशेने ओढत असेल तर ती शंभरदा चुकीच्याच दिशेने ओढते.

मोसंबी वृक्षावर का बसत नाही

आता सरावाची दुसरी चौकडी, आकडे समजायला सोपे म्हणून गोल घेतलेले. संत्रा-पपनस १६, संत्रा-महाळुंग १८, पपनस-महाळुंग १८. मोसंबी निम्मी संत्र्याची, निम्मी पपनसाची असं धरलं तर तिचं दोघांपासून अंतर ८-८ आणि महाळुंगापासून १८. तीन बेरजा करा:

मोसंबी-संत्रा आणि पपनस-महाळुंग: ८ + १८ = २६
मोसंबी-पपनस आणि संत्रा-महाळुंग: ८ + १८ = २६
मोसंबी-महाळुंग आणि संत्रा-पपनस: १८ + १६ = ३४

नियम मोडला. दोन मोठ्या बेरजा सारख्या हव्या होत्या, इथे दोन लहान सारख्या आहेत. ही संकराची सही आहे. या अंतरांत वृक्ष नाहीच, मधल्या फांदीच्या जागी चौकोन आहे. पण नेबर-जॉइनिंगला हे दिलं आणि वाचनातल्या चुकांमुळे २६ चे २५.८ आणि २६.१ झाले, तर ती २५.८ ची जोडी निवडून एक नीटस वृक्ष देईल. खऱ्या मोसंबीत संत्र्याचा वाटा पपनसापेक्षा जास्त आहे, त्यामुळे लाखो अक्षरं दिली की बूटस्ट्रॅपही १०० म्हणेल आणि पपनसाचा वाटा आकृतीतून पूर्ण नाहीसा होईल.

म्हणून वृक्ष काढण्याआधी चौकड्यांच्या बेरजा पाहाव्यात. स्प्लिट्सट्रीसारखा प्रोग्राम सगळ्यांच्या बेरजा एकत्र करून जाळं काढतो. जिथे चौकोन रुंद, तिथे संकराचा संशय. केंद्रकाच्या डीएनएचे तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा वृक्ष काढणं हा दुसरा मार्ग. काही तुकड्यांत मोसंबी संत्र्याजवळ बसते, काहींत पपनसाजवळ, आणि दोन्ही बरोबर असतात. असा विसंवाद संकराशिवायही येऊ शकतो, पूर्वजांतली जुनी विविधता वेगवेगळ्या वाटांनी खाली आल्यामुळे. पण तेव्हा दोन्ही अल्पसंख्य मांडण्या जवळपास सारख्या वेळा दिसतात. संकरात त्यातली एक ठळकपणे जास्त दिसते.

लिंबूवर्गाच्या ६० नमुन्यांचे संपूर्ण जनुकसंच २०१८ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा याच मार्गांनी चित्र उलगडलं. मूळ जाती थोड्या, त्यांचा उगम हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसामचा पूर्व भाग, म्यानमारचं उत्तर टोक आणि युनानचा पश्चिम भाग इथला. आणि बाजारातली बहुतेक फळं त्यांच्या संकरांतून आलेली. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि गोड संत्रावर्ग. कागदी लिंबू म्हणजे मायक्रांथा ही फिलिपिन्सकडची जात आणि महाळुंग. लागवडीतल्या अनेक संत्रावर्गीय जातींतही पपनसाचे तुकडे सापडले. हरितलवकाच्या वृक्षात मोसंबी पपनसाच्या शेजारी दिसते, कारण तो वृक्ष फक्त आईची वाट दाखवतो. आयटीएस वाचताना आलेखात एकाच जागी दोन अक्षरांची दोन शिखरं दिसली तर तो दोष समजून एक अक्षर खोडू नये, ती दोन्हीकडच्या वारशाची खूण असू शकते.

बागेतून नमुना घेताना

काटोल, नरखेड आणि वरुडच्या पन्नास बागांतून नागपुरी संत्र्याची पानं आणून त्यांचा वृक्ष काढायचा विचार असेल तर तो सोडावा. संत्र्याची लागवड डोळा भरून केलेल्या कलमांची, आणि बियांतूनही बहुतेक रोपं आईची हुबेहूब प्रत निघतात, कारण बीमध्ये आईच्या पेशींपासूनच गर्भ तयार होतात. सगळ्या फांद्या जवळपास शून्य लांबीच्या येतील. तरी प्रोग्राम त्यांना गटांत विभागून दाखवेल, आणि ते गट बहुधा वाचनातल्या चुकांचे असतील.

दुसरी खबरदारी खुंटाची. आपल्याकडे संत्रा जंबेरीच्या किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर, म्हणजे या लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांकडच्या भागावर, बांधतात. खुंट वरच्या फांदीचा डीएनए बदलत नाही. पण कलमाच्या सांध्याखालून फुटवा निघालेला असला आणि कोवळं पान म्हणून त्याचंच पान तोडलं, तर पिशवीवर संत्रा लिहिलेलं असतं आणि आत जंबेरी. जंबेरी आणि रंगपूर लाईम हे दोन्ही संत्रावर्ग आणि महाळुंग यांचे संकर, आणि दोघांचीही आई संत्रावर्गातली. म्हणजे हरितलवकाच्या वृक्षात ते पान संत्र्याच्या शेजारीच जाऊन बसतं आणि चूक कुठेच दिसत नाही. म्हणून आधी सांधा शोधावा, त्याच्या हातभर वरून पान घ्यावं, आणि प्रत्येक नमुन्याचा हरितलवकाबरोबर आयटीएसही वाचून घ्यावा. पान खुंटाचं असेल तर महाळुंगाची अक्षरं तिथे दिसतात.